तिथी कोणाच्या मालकीची?

पाडवा जवळ आला की बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत निरनिराळ्या प्रकाशकांची पंचांगे येतात. प्रकाशक अनेक, तिथी मात्र बहुधा एकच. आजच्या धाग्याचा विषय वरकरणी रुक्ष आहे: कार्यालयाची सामायिक दिनदर्शिका आणि तिच्यासाठीची मुक्त सॉफ्टवेअर. पण सुरुवात या पंचांगांपासूनच करावी लागते.

शके १४४२, म्हणजे इ. स. १५२०. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ रचला आणि ग्रहगणितातील ज्यांचा (त्रिकोणमितीचा) खटाटोप त्यातून वगळला. पुढे ‘तिथिचिंतामणी’त तिथी काढण्याची तयार कोष्टके दिली. पोथी नकलून घेतली की गावोगावचा जोशी आपले पंचांग स्वतः मांडू शके. त्याला ना कोणाची परवानगी लागे, ना वार्षिक वर्गणी. मुक्त सॉफ्टवेअरमधील ‘मुक्त’चा अर्थ हाच, फुकट असणे ही दुय्यम गोष्ट.

साडेतीन शतकांत ते गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांत अंतर पडले. पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय गणिताच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ सिद्ध केली. १८६५पासून त्यांचे पटवर्धनी पंचांग छापले जाऊ लागले. छत्र्यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांनी तो वाद पुढे चालवला. पंचांगावर कोणाचाच मक्ता नव्हता, म्हणून दुरुस्ती शक्य झाली. आणि म्हणूनच फूटही पडली. टिळक पंचांग मानणाऱ्यांचा अधिक मास निराळा आला, की त्यांची गणेशचतुर्थी इतरांहून महिनाभर मागेपुढे होते.

संगणकावरही हाच पेच होता. एका कंपनीच्या दिनदर्शिकेतील नोंद दुसरीला वाचता येत नसे. नोव्हेंबर १९९८मध्ये ‘आयकॅलेंडर’ हे खुले प्रमाण प्रसिद्ध झाले. त्याच्या मसुद्यावर लोटस आणि मायक्रोसॉफ्ट या प्रतिस्पर्धी कंपन्यांतील अभियंत्यांची नावे शेजारी-शेजारी आहेत! मार्च २००७मध्ये ‘कॅलडॅव्ह’ आले: नोंदी एका सर्व्हरवर ठेवून अनेकांनी वाचण्या-लिहिण्याची रीत. रॅडिकेल, सोगो, नेक्स्टक्लाउड ही मुक्त सॉफ्टवेअर याच पायावर उभी आहेत. २०१६मध्ये नेक्स्टक्लाउड हे ओनक्लाउडमधून फुटून निघाले, तरी दोघांची दिनदर्शिका तेच प्रमाण पाळते. त्यामुळे फूट पडूनही कोणाची बैठक महिनाभर पुढे गेली नाही.

वकिलाच्या कचेरीचा विचार करा. दहा वर्षांच्या सुनावण्यांच्या तारखा भाड्याच्या सेवेत आहेत आणि एके दिवशी ती बंद झाली किंवा तिचे भाडे दुप्पट झाले, तर? रॅडिकेलमध्ये प्रत्येक नोंद ही साधी मजकुराची फाइल असते. ती उचलून दुसरीकडे नेता येते. अर्थात सर्व्हर सांभाळणारा, रोज प्रत काढून ठेवणारा माणूस लागतोच. पोथी फुकट मिळाली, तरी जोशी फुकट मिळत नसे.

एक उणीव मात्र आहे. आयकॅलेंडर मुळात ग्रेगरियन. २०१५मध्ये इतर कालगणनांनुसार आवर्ती नोंदी करण्याची सोय प्रमाणात आली. तिच्या आधारभूत यादीत भारताची राष्ट्रीय सौर दिनदर्शिका आहे. अधिक मास आणि क्षयतिथी असलेले आपले पंचांग नाही. त्यामुळे गणेशचतुर्थीची सुट्टी कार्यालयाच्या दिनदर्शिकेत दर वर्षी कोणीतरी पंचांग उघडून हातानेच भरतो.