पोवळे, पाणी आणि काचेची पेटी

पदवीच्या वर्गात पंडिती काव्य शिकवताना ओठांना दिलेली पोवळ्याची उपमा कुठे ना कुठे येतेच. ती आली की आपण अर्थ सांगतो, अलंकार सांगतो आणि पुढच्या श्लोकाकडे वळतो. काही वर्षांपूर्वी भोकरच्या वर्गात एका विद्यार्थिनीने आम्हांला तेथेच थांबवले. "सर, पोवळं म्हणजे नेमकं काय? दगड, झाड की जनावर?" समुद्र येथून कोणत्याही दिशेला शेकडो किलोमीटर दूर. वर्गातल्या बहुतेकांनी तो पाहिलेला नव्हता आणि आमचेही उत्तर अडखळले. हा लेख त्या अडखळण्यातून निघाला आहे. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. प्राणिशास्त्र आमचा प्रांत नव्हे. परंतु प्रवाळाला घरात, काचेच्या पेटीत जिवंत ठेवण्याचा इतिहास वाचू लागल्यावर असे लक्षात आले, की त्या मुलीचा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचे उत्तर शोधता शोधताच माणूस प्रवाळ पाळायला शिकला.

प्रथम भाषेकडे पाहू. मराठीत पोवळे आहे ते अंगठीत, नवरत्नांत आणि वैद्याच्या खलात. प्रवाळ भस्म आहे, प्रवाळ पिष्टी आहे. म्हणजे आपल्या व्यवहारातले पोवळे मेलेले आहे. संस्कृतातील शब्द मात्र वेगळे काही सुचवतात. 'प्रवाल' म्हणजे कोवळा अंकुरही आणि 'विद्रुम' या शब्दात तर द्रुम, म्हणजे झाड, दडलेले आहे. नाव देणाऱ्यांनी फांद्या पाहिल्या आणि समुद्रातील झाड असे समजून नाव दिले. युरोपातही पुष्कळ काळ हीच समजूत होती.

आपल्याकडचे लाल पोवळे बहुतांशी आपल्या समुद्रातले नव्हतेच. ते भूमध्य समुद्रातून येत असे. अठराव्या शतकात इटलीतील लिव्होर्नो बंदरातील ज्यू व्यापारी पोवळी गोव्याला पाठवीत आणि त्या बदल्यात हिरे मागवीत. गोव्याच्या बाजूने हा व्यवहार सांभाळणाऱ्यांत सारस्वत पेढ्या होत्या. पोर्तुगीज वळणाने लिहिलेले 'कामत' हे आडनाव त्या पत्रव्यवहारात आढळते. एकमेकांना कधीही न भेटलेली, भिन्न धर्मांची माणसे केवळ पत्रांच्या विश्वासावर हा व्यापार करीत होती. आपल्या कवितेतील उपमेमागे एवढा समुद्रप्रवास उभा आहे, हे वर्गात सांगण्यासारखे आहे.

त्याच अठराव्या शतकात झ्याँ-आंद्रे पेसोनेल या फ्रेंच वैद्याने पाण्यात ठेवलेल्या पोवळ्याचे निरीक्षण करून सांगितले, की ज्यांना फुले म्हणतात ते प्राणी आहेत. विद्वानांनी प्रथम त्याचे ऐकले नाही. पुढे ते मान्य झाले. प्रश्न मिटला असे वाटले. परंतु १८८० च्या दशकाच्या आरंभी त्याला पुन्हा एक वळण मिळाले. समुद्रफुले आणि त्यांच्या जातीचे इतर प्राणी यांच्या शरीरात पिवळसर पेशी दिसत. त्या प्राण्याचा भाग नसून त्याच्या आत राहणारी शैवाले आहेत, असे जर्मनीत कार्ल ब्रांट आणि स्कॉटलंडमध्ये पॅट्रिक गेडिस यांनी दाखवले. गेडिस यांनी त्या शैवालाला दिलेले 'फिलोझून' हे नाव अर्थाने 'प्राणिमित्र' असे होते. शैवाल उन्हात अन्न तयार करते आणि त्यातले प्राण्याला देते. प्राणी त्याला आसरा देतो आणि आपली उत्सर्जिते खत म्हणून पुरवतो. समुद्रात भित्ती उभारणारे प्रवाळ याच सहजीवनावर जगतात.

हेच गेडिस १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले आणि १९२४ साली त्यांच्यानंतर त्या विभागाची धुरा गो. स. घुर्ये यांच्याकडे गेली. शहरांकडे परस्परावलंबी जीव म्हणून पाहणारा हा विचारवंत तारुण्यात समुद्रफुलातील परस्परावलंबन तपासत होता, हा योगायोग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. आणि त्या विद्यार्थिनीला द्यायचे उत्तरही येथे मिळते. भित्ती रचणारे प्रवाळ हे शरीराने प्राणी, पोटातील सोबत्यामुळे काहीसे वनस्पती आणि मागे ठेवलेल्या सांगाड्यामुळे दगड. तिन्ही उत्तरे अंशतः बरोबर आहेत.

आता पाळण्याच्या इतिहासाकडे. १८४६ साली अ‍ॅना थिन या इंग्रज बाईने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही कठीण प्रवाळ लंडनला आणले. ते थंड पाण्यातले, एकेकटे वाढणारे प्रवाळ होते. उष्ण समुद्रातल्या भित्ती रचणारे नव्हेत. समुद्राचे पाणी मोजके होते, पुन्हा पुन्हा मागवणे शक्य नव्हते. तेव्हा तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचे, म्हणजे त्यात हवा मिसळते, अशी युक्ती त्यांनी काढली. रोज अर्धा-पाऊण तास हे काम चाले आणि ते घरातील मोलकरीण करीत असे. पुढच्या वर्षी त्यांनी पाण्यात समुद्रशैवाल घातले आणि जवळजवळ तीन वर्षे ते प्रवाळ जगवले. सागरी मत्स्यालयाच्या इतिहासात अ‍ॅना थिन यांचे नाव आले आहे. पाणी ओतणाऱ्या बाईचे नाव आम्हांला कोठेही आढळले नाही. डोक्यावर हंडे घेऊन चालणाऱ्या बायांच्या प्रदेशात राहून हा इतिहास वाचताना नजर त्या नसलेल्या नावावर अडखळते.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांचे 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आले आणि त्या शब्दाला आजचा अर्थ मिळाला. मध्यमवर्गीय घरांत काचेच्या पेट्यांची लाट आली. तिची किंमत किनाऱ्याने मोजली. गॉस यांचा मुलगा एडमंड याने १९०७ सालच्या 'फादर अँड सन' या आत्मचरित्रात लिहिले आहे, की वडिलांच्याच पुस्तकांनी प्रेरित झालेल्या संग्राहकांनी खडकांतली समृद्ध डबकी ओरबाडून नेली आणि त्याचे वडिलांना दुःख झाले. इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांना हे पुस्तक पितापुत्रसंघर्षासाठी ठाऊक असते. त्यात छंदाच्या अपराधाची ही कबुलीही आहे.

महाराष्ट्रात काचेमागचा समुद्र लोकांपर्यंत पोहोचला तो मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते मरीन ड्राइव्हवर त्याचे उद्घाटन झाले. मराठवाड्यातून निघणाऱ्या शैक्षणिक सहलींत राणीचा बाग, गेटवे आणि 'तारापोरवाला' ही तीन नावे ठरलेली असत. आम्हीही विद्यार्थी म्हणून त्या अंधाऱ्या दालनांतून रांगेने फिरलो आहोत. काचेला नाक लावून उभे राहिलो आणि मागच्यांनी पुढे ढकलले. २०१५ साली नूतनीकरणानंतर ते पुन्हा खुले झाले, अलीकडच्या वर्षांत मात्र ते प्रेक्षकांसाठी बंद करण्यात आले. तेथे मासे पाहिल्याचे आम्हांला स्पष्ट आठवते. प्रवाळ पाहिल्याचे आठवत नाही.

याला कारण आहे. मासा पाळणे आणि प्रवाळ पाळणे यांत मोठे अंतर आहे आणि ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत भरून निघाले नव्हते. १९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका नियतकालिकात आपली 'नैसर्गिक पद्धत' मांडली. गाळण्या आणि औषधे बाजूला ठेवून त्यांनी समुद्रातले सजीव खडक टाकीत ठेवले आणि हवेच्या बुडबुड्यांनी पाणी हलते ठेवले. त्या खडकांवर व त्यांच्या छिद्रांत जिवाणू असतात. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. खडकाच्या आत, जिथे प्राणवायू कमी असतो, तिथे नायट्रेटचा वायू होऊन निघून जातो. ही कल्पना युरोपात, विशेषतः बर्लिनच्या हौशी मंडळींत, पुढे विकसित झाली. फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे स्किमर आले, तीव्र दिवे आले आणि १९८० च्या दशकानंतर घरातील प्रवाळ जगू व वाढू लागले.

या सर्व प्रयोगांचे सार एका वाक्यात सांगता येते: प्रवाळ पाळता येत नाही, पाणी पाळावे लागते. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, चारशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम, २४ ते २७ अंश तापमान. आणि मुख्य म्हणजे यातले काहीही एकाएकी बदलता कामा नये. टाकी भरल्यावर जिवाणू स्थिरावेपर्यंत आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागते. घाई करणाऱ्याच्या टाकीत पहिले मासेच मरतात.

आमचा एक माजी विद्यार्थी नांदेडला अशी टाकी सांभाळतो. सुमारे दोनशे लिटरची. पहिल्यांदा भरताना त्यात सात किलो क्षार विरघळवावे लागले. नळाचे किंवा बोअरचे पाणी चालत नाही, आरओचे लागते. आणि एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जाते. ते तो बादलीत धरून धुण्याभांड्यांना वापरतो. उन्हाळ्यात रोज काही लिटर पाणी उडून जाते. उडते ते गोडे पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून भर घालायची तीही गोड्या पाण्याचीच. म्हणजे खाऱ्या समुद्राला मराठवाड्यात रोज गोडे पाणी पाजावे लागते.

आम्ही त्याला सरळ विचारले, हे शोभते का? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "त्या वर्षी टाकी रिकामीच ठेवली होती, सर. सगळं एका मित्राकडे पुण्याला दिलं होतं. पण एक सांगू? टाकी येण्याआधी घरात पाणी किती लागतं, हे मी कधी मोजलं नव्हतं." या उत्तराने हिशेब पूर्ण होतो असे आम्ही म्हणणार नाही. टाळताही येत नाही.

एका मे महिन्यात रात्री वीज गेली आणि इन्व्हर्टरही बसला. वाहते पाणी थांबले की टाकीतला प्राणवायू संपू लागतो. त्याची आई आणि तो, दोघे आळीपाळीने पहाटेपर्यंत तांब्याने टाकीतले पाणी उचलून वरून ओतत राहिले. त्याला अ‍ॅना थिन यांची गोष्ट माहीत नव्हती. आम्ही सांगितली तेव्हा त्याच्या आईने विचारले, "मग त्या बाईला पगार किती होता?"

छंदाच्या नैतिकतेचा दुसरा भाग समुद्राशी निगडित आहे. २००१ पासून भित्ती रचणारे सर्व कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातून ते काढणे गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने परदेशी संरक्षित जातींचे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवरही नोंदणीचे बंधन आले. आमच्या विद्यार्थ्याकडे आहेत ते टाकीतच वाढवलेल्या मऊ प्रवाळांचे तुकडे, आणि मासे बंदिस्त पैदाशीचे. विदूषक माशाची अशी पैदास आज आपल्याकडे, ऐरोलीलाही, होते. गॉस यांच्या वाचकांना हा मार्ग उपलब्ध नव्हता. आपल्याला आहे, म्हणून आपली सबब कमी आहे.

महाराष्ट्राचे स्वतःचे प्रवाळही आहेत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ सालचे. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचे. तेथील प्रवाळ फार थोड्या मराठी माणसांनी पाहिले असतील. पाणी तापले की प्रवाळ आपल्या पोटातील शैवाल गमावतात आणि पांढरे पडतात. सोबत लवकर परतली नाही तर मरतात. एप्रिल २०२४ मध्ये जगातील चौथे व्यापक विरंजन शास्त्रज्ञांनी जाहीर केले. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात फ्लोरिडात समुद्र इतका तापला, की तेथील प्रवाळ उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणून ठेवावे लागले. ज्या पेटीसाठी एकेकाळी किनारे ओरबाडले गेले, तिच्याचकडे समुद्रातले प्रवाळ आसऱ्याला आले. पाणी सांभाळण्याची जी विद्या तेथे उपयोगी पडली, तिच्यात हौशी माणसांच्या दीडशे वर्षांच्या चुका जमा आहेत.

यंदा तो श्लोक शिकवताना आम्ही पोवळ्यापाशी थांबलो. नांदेडच्या टाकीचे छायाचित्र वर्गात फिरवले. मुलांनी विचारले, यात लाल कुठे आहे? लाल नव्हतेच. तपकिरी, हिरवट, पाण्यासोबत हलणारे काहीतरी होते. उपमेसाठी ते बिनकामाचे होते. ते जिवंत होते.