एचआयव्ही औषधांची बाजारपेठ
एचआयव्हीवरील तीन औषधांच्या एकत्रित उपचाराला २००० च्या सुमारास वर्षाकाठी १०,००० डॉलरांहून अधिक खर्च येई. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने स्टॅव्ह्युडीन, लॅमिव्ह्युडीन व नेव्हिरपीन हा संच सेवाभावी संस्थांना वर्षाकाठी ३५० डॉलरांत देऊ केला. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यात औषधाला नव्हे, केवळ ते बनवण्याच्या प्रक्रियेला पेटंट मिळे. म्हणूनच हे जमले. किमतीतली पुढची घसरण घडवली ती मुख्यतः जेनेरिक कंपन्यांमधील स्पर्धेने, मूळ उत्पादकांच्या औदार्याने नव्हे. २००५ मध्ये पेटंट कायद्यातील ही मुभा संपली आणि नव्या औषधांसाठी परवान्यांची वाट धरावी लागली. डोल्युटेग्राव्हिरयुक्त एकगोळी उपचार २०१७ मध्ये गरीब देशांसाठी वर्षाकाठी सुमारे ७५ डॉलरांवर आला. सहा महिन्यांतून एकदा टोचायच्या प्रतिबंधक लेनाकापाव्हिरची अमेरिकेतील वार्षिक किंमत मात्र २०२५ मध्ये २८,००० डॉलरांच्या पुढे होती.