बिएर्तान

बिएर्तान : रुमानियाच्या ट्रान्सिल्व्हेनिया प्रदेशात, सिबियू जिल्ह्यातले जुने बाजारगाव. मेदियाशहून सिगिशोआराकडे जाणारा रस्ता सोडून दक्षिणेला वळले, की टेकड्यांच्या बेचक्यात ते लागते. जर्मन लोक त्याला बिर्थेल्म म्हणतात, हंगेरियन लोक बेरेटहालोम. या तीन नावांतच गावाचा इतिहास आहे.

बाराव्या शतकात हंगेरीचा राजा दुसरा गेझा याने सरहद्द राखायला आणि जमीन कसायला जर्मनभाषक लोकांना इकडे बोलावले. त्यांतले बरेच जण ऱ्हाईन आणि मोझेल नद्यांच्या मुलखातले होते, तरी नाव पडले ते सॅक्सन. बिएर्तान ही त्यांचीच वस्ती. तिचा पहिला लेखी उल्लेख १२८३ सालचा. पुढे गावाला बाजार भरवण्याचा हक्क मिळाला, कारागिरांचे संघ उभे राहिले, टेकड्यांच्या उतारांवर द्राक्षमळे लागले. या भागाचे मुख्य ठाणे कोणाकडे असावे, यावरून मेदियाश, मोश्ना आणि बिएर्तान यांच्यात मोठी चुरस होती. १५५२ मध्ये मेदियाशची सरशी झाली.

पण वीसच वर्षांत गावाला वेगळा मान मिळाला. इथले धर्मगुरू लुकास उंगलेरस १५७२ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियाच्या ल्यूथरन पंथाचे बिशप झाले आणि बिशपचे पीठ बिएर्तानला आले. ते १८६७ मध्ये सिबियूला हलेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षे, इथेच होते.

गावात कुठेही उभे राहिले तरी नजर टेकडीवरच्या चर्चकडे जाते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेले हे गॉथिक बांधकाम १५२०च्या दशकात पुरे झाले. तुर्कांच्या धाडींचे ते दिवस. म्हणून चर्चभोवती तीन पदरी तट, बुरूज आणि मनोरे आहेत. एका मनोऱ्यात बिशपांच्या कबरींचे कोरीव दगड ठेवले आहेत. दुसऱ्याचे नावच कॅथलिक मनोरा: धर्मसुधारणेनंतरही जे मूळ पंथाला धरून राहिले, त्यांचे प्रार्थनास्थळ तिथे होते. मुख्य वेदीमागचा लाकडी चित्रफलक २८ चित्रांचा आहे.

तरीही बघणारा सर्वांत जास्त वेळ रेंगाळतो तो आतल्या कोठीच्या दारापाशी. पूजेची भांडी आणि मौल्यवान वस्तू तिथे ठेवत. १५१५ सालच्या या दाराची बाहेरची बाजू रंगीबेरंगी लाकडाच्या जडावकामाने सजलेली आहे. आतल्या बाजूला मात्र लोखंडी दांड्यांचे जाळे. किल्ली फिरवली की दांडे एकाच वेळी चौकटीत चारी बाजूंनी सरकतात आणि दार तब्बल एकोणीस ठिकाणी अडकते. १९००च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात हे कुलूप नेले, तेव्हा त्याने बक्षीस मिळवले. गावच्या कारागिरीची याहून बोलकी खूण दुसरी नाही.

तटाच्या एका बुरुजात छोटी खोली आहे. काडीमोड मागणाऱ्या नवरा-बायकोला तिथे काही दिवस कोंडत, असे गावात सांगतात. पलंग एक, ताट एक, चमचाही एकच. वेगळे व्हायचे की नाही, ते बाहेर आल्यावर ठरवायचे. तीनशे वर्षांत एकच जोडपे विभक्त झाले, ही त्यापुढची गोष्ट. ती दंतकथा म्हणूनच ऐकावी.

विसाव्या शतकाने मात्र हे गाव जवळजवळ रिते केले. जानेवारी १९४५ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातल्या धडधाकट सॅक्सन स्त्री-पुरुषांना सक्तीच्या मजुरीसाठी सोव्हिएत संघात नेण्यात आले. कित्येक जण परतलेच नाहीत. पुढे साम्यवादी राजवटीत माणसे जर्मनीला जात राहिली. १९८९च्या क्रांतीनंतर तर घरेच्या घरे बंद करून कुटुंबे निघाली. आठशे वर्षांची वस्ती दोन-तीन वर्षांत विरळ झाली, ही युरोपच्या इतिहासातली फार मोठी आणि फार कमी बोलली गेलेली हानी आहे.

बिएर्तानची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली ती नेमकी या काळात, १९९३ मध्ये. १९९९ मध्ये तटबंद चर्चची आणखी सहा गावे तिच्यात जोडली गेली. आज इथे मुख्यतः रुमानियन आणि रोमा कुटुंबे राहतात. बरीच वर्षे इथे सप्टेंबरात सॅक्सनांचा मेळा भरत असे. जर्मनीत गेलेली माणसे नातवंडांना घेऊन येत, छप्पर घातलेल्या लाकडी जिन्याने टेकडी चढत आणि चर्चमध्ये पुन्हा जर्मन प्रार्थना होई.