7 एकरांतून 130 एकरांत

मंडळी, सहलींचा मोसम सुरू झालाय. आपल्या कुरुंदवाडच्या एका शाळेचं पुणे सहलीचं वेळापत्रक परवा हातात पडलं. त्यात लिहिलंय, 'कात्रज प्राणिसंग्रहालय – 1 तास'. हा एक तास माझ्या ओळखीचा आहे.

मी प्राथमिक शाळेत असताना आमची सहल पेशवे पार्कला गेलेली. सारसबागेला लागून पुणे महापालिकेनं 1953 मध्ये सुरू केलेलं हे प्राणिसंग्रहालय, जेमतेम 7 एकरांचं. पिंजऱ्याला पिंजरा लागून. वाघ बघितला की चार पावलांवर पुढचं जनावर. तासाभरात सगळं उरकायचं, वर फुलराणीत बसायला वेळ उरायचा. (ती 1956 पासूनची, म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांपेक्षा थोरली.) जनावर दिसायचं म्हणजे दिसायचंच. बिचारं जाणार कुठं? गजांपासून भिंतीपर्यंत येरझाऱ्या, बस्स.

तसं पुण्याला जनावरं बघायची हौस जुनी. पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. तिथल्या गेंड्याचं 1790 मध्ये गंगाराम तांबट यांनी काढलेलं चित्र आजही आहे.

1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं. जनावराला फिरायला जागा हवी, आडोसा हवा, आठवड्यातून एक दिवस माणसांपासून सुट्टी हवी, असे नियम आले. पेशवे पार्कात जागा वाढवायची कुठं? चारी बाजूंनी शहर. म्हणून कात्रज. तिथं नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकारानं 1986 पासून सर्पोद्यान होतंच. त्याला जोडून 1999 मध्ये राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झालं आणि पेशवे पार्कातली जनावरं टप्प्याटप्प्यानं तिकडं गेली. जागा 130 एकर, त्यात 42 एकर नुसतं तळं.

जनावरांची सोय झाली, पण आपलं गणित बदललं. आता वाघ दुपारी झाडीत आडवा झाला तर थांबावं लागतं. दोन खंदकांमधलं अंतर चालावं लागतं. बॅटरीवरच्या गाड्या आहेत, पण त्यांना रांग. पोरांना घेऊन नीट बघायचं तर निम्मा दिवस धरा. मी स्वतः गेल्या वर्षी घरच्यांना घेऊन गेलो, तीन तास फिरलो, तरी सर्पोद्यान घाईतच झालं.

आणि आपल्या सहली अजून पेशवे पार्कच्या हिशेबानं निघतात. एका दिवसात शनिवारवाडा, दगडूशेठ, सिंहगड आणि कात्रज. पोरं रात्रभर एसटीत बसून जातात, गेटातून आत पळतात, शिट्टी वाजली की बाहेर पळतात. मग घरी येऊन सांगतात, "वाघ झोपला होता." आरं, तो झोपला नव्हता, तुम्ही थांबला नव्हता! पोरांचा काय दोष म्हणा, शिट्टी सरांच्या हातात.

माझं म्हणणं एवढंच, एक ठिकाण कमी करा. सिंहगड पुढच्या वर्षी.

आणि हो, त्या वेळापत्रकावर सहलीचा वार बुधवार टाकलाय. बुधवारी कात्रज बंद असतं. सरांना आजच फोन केलाय, ते तारीख बदलतो म्हणाले.