पोथी गळाली, ‘मुख्य’ उरला

पहाडगंजच्या मेन बझारातल्या हिब्रू पाट्यांचं आता कुणाला नवल वाटत नाही. लष्करातली सक्तीची नोकरी संपवून भटकायला निघालेल्या इस्रायली पोरांसाठी त्या लागल्या. त्याच पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवन आहे, नूतन मराठी शाळा आहे. दोन्ही लिप्या रोज माझ्या डोळ्यांसमोर असतात, म्हणून वाटतं, या शेजाराचं मूळ इथलं नाही हे सांगून टाकावं. कोकणातल्या बेने इस्रायल समाजासाठी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं. १८७४ मध्ये पुण्यात हगादा, म्हणजे पेसाहच्या रात्री घराघरांत वाचायची पोथी, हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतरासह छापली गेली.

इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याची कथा या पोथीत आहे आणि तिच्यात एक शब्द येतो : हरतुम्मीम. फारोच्या दरबारातली ही माणसं. मोशेच्या चमत्कारांशी ती बरोबरी करू पाहतात, मात्र उवांची पीडा आली की हात टेकतात आणि यात देवाचं बोट आहे, अशी कबुली देतात. आपण त्यांना सरळ जादूगार म्हणून मोकळे होतो.

पण हा शब्द मुळात हिब्रू नाहीच. अकराव्या शतकातल्या राशी या फ्रान्समधल्या टीकाकारानं त्याची फोड हिब्रू-अरामीतून केली आणि मेलेल्यांच्या हाडांना प्रश्न विचारणारे, असा अर्थ काढला. फोड चतुर आहे, खरी नाही. आजचे बहुतेक अभ्यासक शब्दाचं मूळ इजिप्ती भाषेत शोधतात. तिथं देवळातल्या एका अधिकाऱ्याचं पद होतं : खेरी-हेबेत हरी-तेप. खेरी-हेबेत म्हणजे विधीची पोथी वाहणारा, हरी-तेप म्हणजे मुख्य. उत्सवात, अंत्यविधीत मंत्र चुकू नयेत म्हणून गुंडाळी उलगडून वाचणारा हा माणूस. पुढं लांबलचक पदवी आखडली आणि नुसतं ‘हरी-तेप’ तेवढं बोलण्यात राहिलं. सीमा ओलांडून हिब्रूत आणि अरामीत गेलं ते हेच. ‘मुख्य’ गेला, पोथी मागंच राहिली.

या पोथीवाल्यांच्या गोष्टी इजिप्ती लोकही चवीनं सांगत. बर्लिनमधल्या वेस्टकार पपायरसमध्ये, म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या गुंडाळीत, स्नेफ्रू राजाच्या नौकाविहाराची कथा आहे. वल्हं मारणाऱ्या एका तरुणीचं माशाच्या आकाराचं लोलक तळ्यात पडतं आणि ती रुसून वल्हं थांबवते. राजा मुख्य वाचकाला, जाजाएमान्खला, बोलावतो. तो मंत्र म्हणतो, तळ्याचं अर्धं पाणी उचलून उरलेल्या अर्ध्यावर ठेवतो, लोलक काढून देतो आणि पाणी परत जागेवर घालतो. समुद्र दुभंगण्याची कथा ऐकत वाढलेल्याला इथं थांबावंसं वाटेल. मला तर त्या रुसलेल्या पोरीचं जास्त कौतुक वाटतं. राजानं बदली लोलक देऊ केलं तरी तिला आपलंच हवं होतं.

भाषांतरांत या माणसांची पायरी घसरत गेली. ग्रीक उत्पत्तीत ते उलगडून सांगणारे आहेत. निर्गमात मंत्र म्हणणारे होतात. जेरोमच्या लॅटिन निर्गमात तर दुष्कर्मी. कारण उघड आहे : योसेफाच्या कथेत त्यांना फक्त स्वप्नाचा अर्थ लागत नाही, मोशेच्या कथेत ते शत्रुपक्षात आहेत. हरलेल्याच्या विद्येला विद्या कोण म्हणतो?

आपल्याकडेही हेच झालं. गारुड ही विष उतरवण्याची विद्या, गरुडाच्या मंत्रांची. तिचा जाणकार तो गारुडी. आज गारुडी म्हटलं की टोपली, पुंगी आणि भोवतीचं कोंडाळं. ‘पंचाक्षरी’ शब्द शिवाच्या पाच अक्षरांच्या मंत्रावरून आला आणि भुतं उतरवणाऱ्याला चिकटला.

आता बाबिलोनच्या दरबारात इजिप्ती पदवी कशी? एसरहद्दोननं इ.स.पू. ६७१ मध्ये इजिप्त जिंकलं आणि निनवेच्या राजदरबारातल्या विद्वानांच्या एका यादीत, ज्योतिषी-वैद्यांच्या पंगतीत, ‘हरतिबी’ म्हणून इजिप्ती नावांची माणसं नोंदली आहेत. पकडून आणलेली असोत वा बोलावलेली, कारकुनानं त्यांना विद्वानांतच बसवलं. दानिएलाच्या पुस्तकात हा शब्द हिब्रू भागातही आहे आणि दुसऱ्या अध्यायापासून सुरू होणाऱ्या अरामी भागातही. पहिल्याच अध्यायात दानिएल आणि त्याचे सोबती राज्यातल्या सगळ्या हरतुम्मीमपेक्षा दसपट सरस ठरतात. तोवर ते परकेच आहेत. चौथ्या अध्यायात मात्र राजा खुद्द दानिएलाला हाक मारतो ती ‘रब हरतुम्मय्या’ म्हणून, हरतुम्मीमांचा प्रमुख. आणि दानिएल ती हाक नाकारत नाही, स्वप्न ऐकायला बसतो.