अडथळ्यांच्या शर्यतीची कुळकथा

काटेरी तारेखालून सरपटणे, लोंबत्या कड्यांना धरून खंदक पार करणे, फळ्यांच्या उंच भिंतीवर चढून पलीकडे उतरणे, वाळूचे पोते खांद्यावर घेऊन टेकाड चढणे आणि या सगळ्याच्या मधल्या अंतरात धावत राहणे, असे आजच्या अडथळ्यांच्या शर्यतीचे स्वरूप आहे. अंतर बहुधा ५ किलोमीटरपासून अर्धमॅरेथॉनइतके असते. शर्यतीचे हे लोकप्रिय रूप नवे असले तरी तिचे घराणे जुने आहे. त्या घराण्यात दोन परंपरा पहिल्यापासून शेजारी नांदत आल्या आहेत. एकीत धावणाऱ्याचा वेग मोजला जातो, तर दुसरीत सोबत्याला पलीकडे नेण्याची तयारी पाहिली जाते.

अडथळा ओलांडून धावण्याची स्पर्धा आधी घोड्यांची होती. १७५२ साली आयर्लंडमधील कॉर्क परगण्यात दोन स्वारांनी एका गावच्या चर्चपासून दुसऱ्या गावच्या चर्चपर्यंत घोडे फेकले आणि वाटेतली कुंपणे, भिंती, ओढे लागतील तसे ओलांडले. चर्चचा मनोरा हीच वाटेची खूण, म्हणून या प्रकाराला स्टीपलचेस हे नाव पडले. पुढच्या शतकात इंग्लंडमधील विद्यार्थी पायी तशीच शर्यत धावू लागले आणि तिच्यातून ॲथलेटिक्समधील ३,००० मीटर स्टीपलचेस आली. पण तिथे सारे काम पायांचे आहे. हातांनी पकडणे, लोंबकळणे, स्वतःचे वजन वर ओढणे यांचा उगम व्यायामशाळेत शोधावा लागतो. नेपोलियनकडून प्रशियाचा पराभव झाल्यानंतर फ्रीडरिख लुडविग यान याने १८११ मध्ये बर्लिनजवळ हाझेनहायडे येथे उघड्यावरचे व्यायामाचे मैदान सुरू केले. चढायचे खांब, दोर आणि तोल सांभाळायच्या तुळया तिथे होत्या.

   

शर्यतीचा खरा मूळपुरुष म्हणावा असा माणूस फ्रेंच नौदलातील अधिकारी जॉर्ज एबेर (१८७५–१९५७). ८ मे १९०२ रोजी मार्टिनिक बेटावरील माँ पेले ज्वालामुखीचा उद्रेक होऊन सें-पियेर हे शहर काही मिनिटांत बेचिराख झाले आणि सुमारे २८ हजार माणसे मेली. बचावकार्यात असलेल्या एबेरच्या मनावर त्या दिवसांचा कायमचा परिणाम झाला. ऐन संकटात धैर्य आणि परोपकारबुद्धी यांना शरीराची साथ हवी, नाहीतर त्यांचा कोणालाच उपयोग होत नाही, अशी त्याची धारणा बनली. ‘उपयोगी पडण्यासाठी बलवान व्हा’ हे त्याचे ब्रीद त्यातूनच आले. प्रवासात भेटलेल्या आफ्रिकेतील व इतरत्रच्या स्थानिक लोकांची चपळ शरीरे त्याने न्याहाळली होती. निसर्गात वावरताना जे करावे लागते तेच त्यांना घडवते, हे त्याला दिसले. त्यावरून त्याने ‘नैसर्गिक पद्धती’ रचली. तिच्यात चालणे, धावणे, उड्या मारणे, हातापायांवर रांगणे, चढणे, तोल सांभाळणे, वजन उचलणे, फेकणे, स्वसंरक्षण आणि पोहणे अशा हालचालींचे दहा गट होते. लोरियां येथील नौसैनिकांना तो याच पद्धतीने शिकवू लागला.

हे दहा गट सुटेसुटे करण्याऐवजी एका वाटेवर ओळीने मांडले की अडथळ्यांचा मार्ग तयार होतो. फ्रेंच सैन्याने अशा मार्गाला ‘लढवय्याचा मार्ग’ म्हटले आणि हा प्रकार जगभरच्या छावण्यांत रुजला. अमेरिकी सेनेने पुढे त्याचे दोन वेगळे प्रकार केले. एकात अडथळे ठेंगणे आणि घड्याळ चालू. दुसऱ्यात अडथळे उंच आणि भीतीदायक, पण घड्याळ नाही, कारण तिथे आत्मविश्वास वाढवायचा असतो. घराण्यातल्या दोन परंपरांचा हा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे.

सैनिकी सरावाला रीतसर स्पर्धेचे रूप फ्रेंच अधिकारी आंरी दब्रू याने दिले. डच हवाई छत्रीदलाच्या सरावावरून त्याने पाच स्पर्धाप्रकारांचा मिलिटरी पेंटॅथलॉन बेतला. १९४७ मध्ये फ्रायबुर्ग येथे तो प्रथम झाला, आणि ५०० मीटरमधील २० अडथळे हा त्याचा आजही मुख्य भाग आहे. भारतात सेनादलांच्या निवड मंडळासमोर जाणाऱ्या तरुणांना दोन्ही परंपरा ओळखीच्या असतात. वैयक्तिक चाचणीत तीन मिनिटांत दहा अडथळे पार करायचे असतात. गटाच्या शर्यतीत मात्र सापासारखे लांबलचक ओझे सर्वांनी मिळून उचलून अडथळ्यांवरून न्यायचे असते, आणि एकट्याने पुढे पळून काही साधत नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत पोचणारा उमेदवार या चाचण्यांतूनच गेलेला असतो.

छावणीबाहेरच्या सामान्य माणसासाठी हे दार उघडले ते इंग्लंडमध्ये. स्टॅफर्डशरमधील पर्टन येथील आपल्या शेतात बिली विल्सन यांनी १९८७ मध्ये ‘टफ गाय’ शर्यत सुरू केली. ऐन जानेवारीत गोठवणारे पाणी, चिखल, आग आणि विजेच्या तारा यांतून धावायला लोक पैसे भरून येऊ लागले. २०१० मध्ये अमेरिकेत दोन मोठ्या मालिका उभ्या राहिल्या. विल डीन आणि गाय लिव्हिंगस्टन यांच्या ‘टफ मडर’ने घड्याळ बाजूला ठेवले आणि मागे राहिलेल्याला हात देण्याची शपथ सर्वांकडून घेतली. तिचे काही अडथळे इतके घसरडे की वरून कोणी ओढून घेतल्याशिवाय बहुतेकांना ते चढवत नाहीत. अशा शर्यतीची कल्पना आपल्याकडून उचलली, असा विल्सन यांचा आरोप होता आणि तो वाद तडजोडीने मिटला. जो डी सेना यांच्या ‘स्पार्टन रेस’ने उलट वेळ व क्रमांक यांना महत्त्व दिले. अडथळा चुकला की ३० बर्पी (वाकून, पाय मागे टाकून पुन्हा उडी मारत उठण्याचा व्यायाम) काढण्याची तिची शिक्षा प्रसिद्ध झाली. भारतात २०१२ पासून ‘डेव्हिल्स सर्किट’ ही मालिका चालते आणि पुणेकरांनाही तिने हा चिखल दाखवला आहे.

वेगाची परंपरा आता ऑलिंपिकपर्यंत पोचली आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये आधुनिक पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेतील घोडेस्वारीत एका बिथरलेल्या घोड्याला मारहाण झाल्यावर मोठा गदारोळ झाला. २०२४ च्या पॅरिस स्पर्धेनंतर घोडेस्वारी वगळून तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत घेण्याचे आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवले. तिचा साचा १९९७ पासून चालणाऱ्या ‘सासुके’ या जपानी दूरचित्रवाणी स्पर्धेच्या वळणाचा आहे. चिखल नाही, ओझे नाही, अंतर सुमारे ७० मीटर, आणि दोघे स्पर्धक शेजारशेजारच्या मार्गिकांत धावणार. २०२८ मध्ये लॉस एंजेलिस येथे ती प्रथमच ऑलिंपिक पदकांसाठीच्या पेंटॅथलॉनचा भाग असेल.