दुग्धप्रक्रिया उद्योग : परवानामुक्ती आणि कार्यक्षमता

जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने भारतातील दुग्धप्रक्रिया उद्योग परवानामुक्त झाला. मात्र ९ जून १९९२ रोजी केंद्र सरकारने जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली 'दूध व दुग्धजन्य पदार्थ आदेश' लागू केला. त्यानुसार रोज १० हजार लिटरपेक्षा अधिक दूध हाताळणाऱ्या प्रकल्पांना नोंदणी सक्तीची झाली आणि संकलनाची क्षेत्रेही ठरवून देण्यात आली. मार्च २००२ च्या दुरुस्तीने ही क्षेत्रबंदी उठली. नोंदणीचा भर स्वच्छता व गुणवत्तेवर राहिला. २०११ मध्ये अन्नसुरक्षा नियमावली अमलात आल्यावर हा आदेशही इतिहासजमा झाला.

दूध कमी आले तरी प्रकल्पाचा यंत्रसामग्री व मनुष्यबळावरील खर्च त्या प्रमाणात घटत नाही. त्यामुळे स्थापित क्षमतेचा वर्षभर होणारा वापर ही कार्यक्षमतेची मुख्य कसोटी ठरते. पुष्टकाळातील अतिरिक्त दुधाची भुकटी व लोणी करता येते. कृशकाळात यंत्रे अर्धवट चालतात. क्षेत्रबंदी उठल्याने दूध कमी पडणाऱ्या प्रकल्पाला अन्य भागांतून ते आणण्याची मुभा मिळाली. परंतु एकाच पट्ट्यात अनेक प्रकल्प उभे राहिल्यास दूध विभागले जाते, वाहतूकखर्च वाढतो आणि प्रत्येकाची क्षमता अपुरी वापरली जाते.

स्पर्धेमुळे उत्पादकाला चांगला दर मिळू शकतो; पण वजन, स्निग्धांश व स्निग्धेतर घनपदार्थ यांचे मापन चोख असेल तरच. निर्बंध उठल्याने दुधाची वाट मोकळी होते, दूध वाढत नाही. त्यासाठी पशुखाद्य, पशुवैद्यकीय सेवा आणि गावपातळीवरील शीतकरण यांतच गुंतवणूक करावी लागते.